दोनशे बारा नंबर

"ताई, हा दोनशे बारा नंबर कोनाचा हाय?" विपुलने लॅपटॉपवरून मान न उचलता विचारलं.

जुईली चपापली. तो तिचाच होता, मंडळाच्या यादीतला.

तिचे वडील मोरोपंत अमरावतीत वधूवर मंडळ चालवत. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. मंडळाची वेबसाइट इतकी मंद, की पान उघडेस्तोवर हातातला चहा गार व्हावा. लोक कंटाळून निघून जात. शेवटी जुईलीने वेबसाइट दुरुस्त करायला वलगावच्या विपुलला बोलावलं. मोरोपंतांना ते रुचलं नव्हतं.

"परक्याच्या हाती मुलींची माहिती कशाला? गोपाल आहे ना. मी बोलतो त्याच्याशी."

वेबसाइट बनवणारा गोपाल अकोल्याचा. दर दोन-तीन महिन्यांनी मोरोपंत चिवड्याचा डबा घेऊन सकाळच्या गाडीने त्याला झापायला जात. झापायला जाताना चिवडा नेणारा माणूस विरळाच. परत आले की म्हणत, "करतो म्हणाला." होत काहीच नसे.

"यादी निघाली का हा कोड दर नावामागं डेटाबेसले पुन्हा विचारते, हे दोनशे बारा तं नाही? असलं तं गाळते," विपुल म्हणाला. "म्हनून सर्व्हर दमून राहिला. हे चुकून होत नाही, ताई. कोनंतरी मुद्दाम टाकलं."

दोन वर्षांत जुईलीला एकही स्थळ आलं नव्हतं. बत्तिसावं सरलं, आपल्यातच काही खोट असेल, असं ती धरून चालली होती. आता तिला आठवलं. तीन वर्षांपूर्वी गोपालने तिला मागणी घातली होती आणि तिने नकार दिला होता. तेच मनात धरून बसला मेला. तिचं डोकं तापलं.

"काढ ते."

विपुलने काढलं. पान टिचकीसरशी उघडलं. दुपारपर्यंत तिच्यासाठी चार स्थळांची विचारणा आली. मोरोपंतांनी ती चष्मा पुसून पुसून वाचली. ताटावर बसले, पण घास घेतला नाही.

"त्या गोपाललाच जाऊन विचारतो," म्हणत ते चपला शोधू लागले.

"थांबा बाबा, मीच विचारते." जुईलीने फोन लावला. "गोपाल, माझं नाव काहून गाळलं तू?"

पलीकडून गोपाल म्हणाला,

"मी तं ते ओळ तीनदा काढली, जुईली. पन काका दर खेपेले चिवडा घेऊन येतात, बाजूले बसतात, अन् परत टाकाले लावतात. म्हनतात, पोरगी गेली तं घर खायले उठीन."