पूररेषेच्या आत

ऑर्डिस हाउगन सरकारी पुलाखालून नदीत उतरली तेव्हा टेरिल काठावर उभाच होता. तिच्या मुलाच्या वर्गातला हा टेरिल आता हॉलिंगरच्या रँचवर राखणीला होता. रँच नदीच्या दोन्ही तीरांवर, पार खालच्या पुलापर्यंत. पण अमेरिकेतल्या या मोंटाना राज्यात नदीवर सगळ्यांचा हक्क आहे. पुराच्या पाण्याची खूण जिथवर उमटते तिथवर कुणीही चालावं, मासे धरावेत. खुणेबाहेर पाऊल पडलं की गुन्हा. ते पाऊल टिपण्यासाठी टेरिलच्या गळ्यात कॅमेरा होता.

गेल्या हंगामात दोघांना दंड झाला. यंदा इकडे कुणी फिरकलं नव्हतं. ऑर्डिसची सत्तरी उलटली होती आणि डावा गुडघा तिचा स्वतःचा नव्हता.

ती काठाखालच्या सावलीत गळ सोडत प्रवाहाबरोबर सरकत होती. सप्टेंबरात वाऱ्याने गवतातले टोळ पाण्यात पडतात आणि ट्राउट मासे त्यांच्यासाठी दबा धरून असतात. तिच्या गळावरही टोळच होता, हरणाचे केस आणि पिवळा दोरा गुंडाळून घरी केलेला. टेरिल काठाकाठाने बरोबर चालत होता.

"तुझी सावली पाण्यात पडतेय," ती वर न पाहता म्हणाली. "मासे बुजतात. मागे हो."

"काकू, मला पगारच काठावर उभं राहण्याचा आहे."

"मग वाकून उभा राहा."

तो थोडा मागे सरला. आई कशी आहे, तिने विचारलं. बरी आहे, तो म्हणाला. मी तुमच्यावर पाळत ठेवली हे तिला सांगू नका म्हणजे झालं, नाहीतर मला जेवायला मिळणार नाही.

दुपारी हॉलिंगर स्वतः आला. गाडी गवतात उभी करून, हातात कॉफीचा थर्मास घेऊन. त्याच क्षणी टोळाखालचं पाणी फुगलं आणि गळाची काठी वाकली. ऑर्डिसने त्याच्याकडे पाठ केली. मासा प्रवाहात धावला, दोर कर्रकन सुटत गेला, मग मासा वळला. हॉलिंगर थांबला. माणूस सभ्य होता. तिने मासा जाळ्यात घेतला, ओल्या हाताने गळ सोडवला आणि तोंड प्रवाहाकडे करून त्याला धरून ठेवलं. पिवळ्या पोटाचा, लाल ठिपक्यांचा तो ट्राउट दम घेऊन निघून गेल्यावरच ती वळली.

हॉलिंगरने तिच्या हाताचं कौतुक केलं. मी काही वाईट माणूस नाही, म्हणाला. तुम्ही इथे किती वर्षं येता ते मला टेरिलने सांगितलंय. तुम्हाला माझी परवानगी आहे, कायमची, लेखी देतो. काठाने चाला, हवं तिथे बसा, गाडी तुम्हाला आणेल, पोचवेल. फक्त तुम्हाला. गावातल्या इतरांना नाही.

"नको," ऑर्डिस म्हणाली.

"पुढे डोह आहे, बाई. तिथून चालत जाता येत नाही."

ते तिला ठाऊक होतं. दंड झालेले दोघेही तिथेच सापडले होते. एका अंगाला सरळ कडा, दुसऱ्या अंगाला हॉलिंगरचं गवत, आणि मधे तळ न लागणारं हिरवं पाणी.

"परवानगी घेतली, तर उद्या ती तुम्हाला काढूनही घेता येईल."

"मी शब्द देतो, काढणार नाही."

"तुमचा मुलगा काढेल."

तिने टोळ काठीच्या कडीत अडकवला. रबरी विजारीवरचा पट्टा आवळला, आणखी एक भोक आत. टेरिल म्हणाला, काकू, नका करू, पाणी बर्फाचं आहे. ती पाण्यात बसल्यासारखी मागे झुकली, पाय पुढे करून पाठीवर तरंगली आणि प्रवाहाने तिला उचललं. काठी छातीवर उभी धरलेली.

डोहात नदी संथ वाटते, वाहते मात्र जोरात. टेरिल काठाने पळाला. कड्यापाशी ती एकदा गोल फिरली. एकदा तोंडावरून पाणी गेलं, टोपी वाहत गेली आणि पांढरे केस मोकळे झाले. काठी तेवढी दिसत राहिली. मग डोहाच्या शेपटाला तिच्या टाचा गोट्यांना लागल्या.

तिला उभं राहता येईना. विजारीत पाणी भरलं होतं. ती गुडघ्यांवर आली, मग हातांवर, आणि तशीच ओणवी राहिली, प्रवाह कुशीवर घेत. ओठ निळे पडले होते. काठ हातभरावर होता, पण उभा आणि कमरेएवढा उंच, आणि काठावरचं गवत हॉलिंगरचं.

टेरिल पोटावर आडवा झाला. त्याने दोन्ही हात खाली सोडले.

"धरा काकू. मी फोटो काढत नाही. देवाशपथ."

हॉलिंगर धापा टाकत मागून आला होता. तोही म्हणाला, कुणी काही करणार नाही, तुम्ही आधी वर या.

ऑर्डिसने त्या हातांकडे पाहिलं. दात वाजत होते, त्यामुळे शब्द एकेक करून आले.

"वर ओढू नकोस. धरायचं असेल तर खाली ये."

"टेरिल," हॉलिंगर म्हणाला.

टेरिलने गळ्यातला कॅमेरा काढून गवतावर ठेवला. मग तो काठावर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.