ब्रेकवरचा पाय

“दुखतंय?” डॉक्टरांनी घोटा जोरात दाबत विचारलं.

“छे, अजिबात नाही!” टेबलावर बसलेला बस ड्रायव्हर फुशारकीनं म्हणाला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. पावलांच्या आणि घोट्यांच्या शस्त्रक्रिया करण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. ओरडणाऱ्या पेशंटची त्यांना कधी भीती वाटली नाही. वाटायची ती अशा हसऱ्या पेशंटची. घोटा टम्म फुगला होता, हाताला गरम लागत होता. एक्स-रेमध्ये हाडांचा नुसता चुरा दिसत होता. त्या चुऱ्यावर उभा राहून हा माणूस तीन आठवडे ड्युटी करत होता.

त्यांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा ताठ दोरा तळव्याला टोचला. अंगठा, चवडा, टाच.

“करा की सुरू,” ड्रायव्हर म्हणाला.

“झालंसुद्धा.”

शेजारी उभं राहून बघणारी ड्रायव्हरची बायको मटकन खुर्चीत बसली.

“ब्रेकवर पाय आहे की नाही, हे तुम्हाला कळतं कसं?” डॉक्टरांनी विचारलं.

ड्रायव्हर घुटमळला. “खाली बघून घेतो.”

डॉक्टर भडकले. “साखरेनं नसा मारल्यात तुमच्या! इतकी वर्षं गोळ्या गिळताय, एकदा तरी तळवे उलटून बघितलेत? प्लेट घालून पाय वाचला तर नशीब समजा. नाहीतर गुडघ्याखालून काढावा लागेल.”

तेवढ्यात सिस्टर आत आली आणि दारातच थबकली. टेबलापासून एक्स-रेच्या दिव्यापर्यंत पांढऱ्या फरशीवर लाल डाग उमटले होते. डॉक्टरांनी घाईघाईनं ड्रायव्हरचे दोन्ही तळवे पाहिले. कोरडे. साधा ओरखडाही नव्हता.

“डॉक्टर,” सिस्टर कशीबशी म्हणाली, “तुमच्या बुटातून येतंय.”

त्यांनी बूट ओढून काढला. मोजा रक्तानं चिंब झाला होता. बुटाचा तळ फोडून इंचभर खिळा वर आला होता. तो आत्ता त्यांच्या टाचेतून उपसून निघाला होता, तरी त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. साखरेच्या गोळ्या तेही बारा वर्षं घेत होते. दोरा स्वतःच्या पायाला लावायला मात्र कधी सवड झाली नव्हती.

ते भिंत धरून उभे राहिले.

ड्रायव्हर टेबलावर एका कडेला सरकला. “या डॉक्टर,” तो हळूच म्हणाला, “बसा इथे.”