आग्रहाचं आमंत्रण

चंडीगडच्या आमच्या मराठी मंडळात रविवारी अविनाशचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं भाषण होतं. विषय होता ‘सोपं लिहा’. मागच्या खेपेला ऐकायला फक्त मी आणि माइकवाला होतो, म्हणून या वेळी आमंत्रण त्याने स्वतःच लिहायला घेतलं.

“रविवारी संध्याकाळी भाषण आहे, चहा-सामोसे आहेत, नक्की या. एवढंच टाक की ग्रुपवर,” मी म्हटलं.

“शालिनी, शब्दांना वजन लागतं!”

‘भाषण’ हा शब्द त्याला फारच किरकोळ वाटला. त्याने लिहिलं, ‘रविवारी सायंकाळी मंडळाच्या सभागृहात योजिलेल्या वाग्यज्ञाच्या मंगल प्रसंगी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून समारंभाची शोभा वाढवावी, ही आग्रहाची विनंती.’

रविवारी हॉल गच्च भरला. पार एयरोसिटीपासून माणसं आली. बायका पैठण्या नेसून, पुरुष कडक इस्त्रीत, पोरांचे चक्क भांग पाडलेले. अविनाशचे डोळे भरून आले.

“बघितलंस? याला म्हणतात शब्दांची ताकद!” तो माझ्या कानात म्हणाला.

तेवढ्यात सेक्टर बत्तीसला डॉक्टरकी शिकणारी, इथेच लहानाची मोठी झालेली स्वराली धापा टाकत आली. तिने वाकून नमस्कार केला आणि त्याच्या हातात शगुनचा लिफाफा ठेवला.



“सॉरी काका, लेट झाला. फेरे हो गए क्या?”