गोळीवर पहारा

“वहिनी, बाबा आले हायेत दुकानात. सुजेची गोळी मागून राह्यले.” मेडिकलवाला चंद्रशेखर फोनवर दबक्या आवाजात म्हणाला.

“देऊ नका! मी आलेच.”

रेणुकाने दोन महिन्यांच्या प्रेमला शेजारच्या संजीवनीकाकूंच्या मांडीवर ठेवलं आणि पायात चपला अडकवल्या. एरवी ती लेकराला कुणाच्या हाती द्यायची नाही. पण आज इलाज नव्हता.

काउंटरपाशी तिचे सासरे पुंजाजी डावा गुडघा धरून उभे होते.

“मामाजी, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं?”

“मले काय मालूम? तोंडात बोळा होता तवा.”

“कानात तर नव्हता ना!”

चंद्रशेखर मान खाली घालून हसला.

दहाच दिवसांपूर्वी बुलढाण्याला पुंजाजींच्या हिरडीचं ऑपरेशन झालं होतं. खालचे समोरचे चार दात हलत होते, मुळाशी हाड झिजलं होतं. डॉक्टरीणबाईंनी हिरडी उघडून साफ केली, आत हाडाची पूड भरली आणि टाके घातले. सुजेची आणि दुखण्याची गोळी दिली ती फक्त तीन दिवसांची.

“पुढे सहा महिने मनानं एकही घ्यायची नाही,” त्या म्हणाल्या. “ह्या गोळ्यांनी हाड भरायला उशीर होतो असं काही अभ्यास सांगतात, काही नाही म्हणतात. मला जोखीम नको. हाड भरलं तर दात राहतील, नाहीतर चारही काढावे लागतील.”

ते चार दात म्हणजे पुंजाजींची रोजीरोटी. मोताळ्याच्या बाजारात ढिगावर चढून ते धान्याचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारत. पुढचे दात गेले की शब्दांतून हवा निसटणार, आणि ढिगावर दुसराच माणूस उभा राहणार.

आणि नेमका चौथ्या दिवशी त्यांचा गुडघा धरला.

नवरा नागसेन जालन्याला कंपनीत, पंधरा दिवसांतून एकदा यायचा. तेव्हा सगळं रेणुकावरच. बी.एस्सी. झालेली पोरगी, पण प्रेम दिवस भरायच्या आधीच जन्मला आणि तिचं शिक्षण काही कामाला येईना. लेकरू रडलं तरी काळजी, झोपलं तरी काळजी. दिवसभर त्याच्या छातीकडे बघत बसायची. आता त्यात सासऱ्यांची भर पडली.

गुडघ्याची तक्रार सुरू होताच तिने कंबर कसली. प्रेमला छातीशी धरून गावातले तिन्ही मेडिकल गाठले, डोकेदुखीच्या गोळ्या ठेवणारा किराणावालाही सोडला नाही. “मामाजी आले तर गोळी द्यायची नाही. मला फोन करायचा.”

फोन येत राहिले. आज ह्या दुकानातून, परवा त्या. ती धावायची आणि सासऱ्यांना परत आणायची. वाटेत त्यांचं तोंड चालूच.

“सून हाय का जमादारीन?”

“जमादारीन म्हणा. पण घरी चला.”

“आज उजवा गुडघा लय ठणकते, पोरी.”

“काल तर डावा होता!”

“आज ह्याची पाळी.”

दोन्ही गुडघे गेले वाटतं, म्हणून ती घरी आल्यावर गरम पाण्याची पिशवी द्यायची. गोळी मात्र नाही म्हणजे नाही.

उन्हाळा सरला, पावसाळाही सरत आला. प्रेम काकूंच्या अंगणात रांगू लागला. फोन आला की रेणुका आता हसतच निघायची. जाता जाता भाजी घ्यायची, चार बायांशी बोलायची.

सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले. “इथं काळं होतं, बघा. आता पांढरं दिसतंय. हाड छान भरलंय.” त्यांनी चिमट्याने एकेक दात हलवून पाहिला. एकही हलेना.

पुंजाजींनी खुर्चीतूनच आरोळी ठोकली, “एक बार, दोन बार, तीऽन बार!” बाहेर बसलेले पेशंट दचकले.

“हिनं राखले माहे दात,” सुनेकडे बोट करून ते म्हणाले. रेणुकाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सहा महिन्यांत एकही गोळी तिने आत जाऊ दिली नव्हती!

एसटीतून परत मोताळ्यात उतरले, तर नवं सोयाबीन बाजारात आलेलं. पुंजाजी तडक ढिगावर चढले. रेणुका पेढे घेऊन मेडिकलमध्ये शिरली.

“घ्या, चंद्रशेखरभाऊ. आपण जिंकलो!”

पेढा हातात धरून तो घुटमळला. “आता सांगाले हरकत नाही, वहिनी. तुम्ही पहिल्यांदा सांगाले आल्या ना, त्याच्या आदल्या दिवशीच बाबा येऊन गेले होते.”

“गोळी मागायला?”

“नाही. म्हणाले, ‘गोळी मले नको. मी मागाले येत जाईन, तू देऊ नको, सुनेले फोन कर. लेकरापाशी बसून बसून पोरगी काळजीनं वाळून चालली, तिले घराबाहेर काढाचं हाय.’ म्या इचारलं, आन् गुडघे? तं म्हणतात, ‘माहे गुडघे लोखंडाचे हायेत बे!’”