हरवलेला केतुबा

"कागद हातात पडल्याशिवाय मी ह्या खुर्चीवरून उठणार नाही," म्हातारी म्हणाली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली.

तिच्यामागे म्हातारा उभा होता. खोलीत गिऱ्हाइकासाठी एकच खुर्ची होती.

"उद्या चारला देतो म्हटलं ना, बाई," लेखनिक म्हणाला. "शाई काही तुमच्या धाकाने वाळत नाही."

तो केतुबा लिहायचा. यहुदी लग्नात नवरा बायकोला जो करारनामा देतो, तो. मजकूर त्याचा आणि भोवतीची नक्षी बायकोची, अशी दोघांनी चाळीस वर्षं काढली. बायको जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून तो नुसती अक्षरं लिहून द्यायचा. तिचे नमुने ठेवलेला खण त्याने उघडला नव्हता.

"मूळ कागद गेला कुठे?"

"तळघरात पाणी शिरलं. लगदा झाला. आता वृद्धाश्रमवाले म्हणतात, लग्नाचा कागद दाखवा तर दोघांना एक खोली. नाहीतर मी दुसऱ्या मजल्यावर आणि हे चौथ्यावर. उद्या पाचला अर्ज बंद. ह्यांच्या गुडघ्यांना दोन पायऱ्या उतरवत नाहीत. म्हणजे झालंच की कल्याण!"

"त्यांचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे," म्हातारा म्हणाला. "चार त्रेपन्नला बंद होईल."

"ऐका! जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली. दुसरं काही बोलता येत नाही."

"तुम्ही पिशवी द्या इकडे. जड आहे," म्हातारा तिला म्हणाला.

तिने दिली नाही.

लेखनिकाने वही ओढली. "लग्नाची तारीख?"

"वसंतात," म्हातारा म्हणाला. "हिवाळ्यात," म्हातारी म्हणाली. दोघं एकदमच.

"मागणी घातली तो दिवस सांगतायत हे," ती घाईने म्हणाली. "लिहा, हिवाळा."

लेखनिक हसला. त्याला स्वतःची तारीख बायकोच दरवर्षी सांगायची. त्याने चहा आणला. म्हाताऱ्याच्या कपात म्हातारीने न विचारता दोन चमचे साखर घातली. म्हाताऱ्याने काढा घ्यावा तसा तो गोड चहा संपवला.

टेबलावर दुसरा एक केतुबा वाळत पडला होता. म्हातारी त्यावर वाकली. जन्मभर शिवणकाम केलेली बाई, नजर अजून सुईसारखी.

"इथे चुकलंय तुमचं. ह्या अक्षराला पाय एकच. तसलंच वर आहे, त्याला दोन आहेत."

"चुकलं नाही. तो पाय लग्नाच्या वेळी, साक्षीदारांसमोर काढतात. तोवर हे नुसतं चित्र. नव्या लग्नालाच तसं करतो आम्ही. तुमच्यासारखा हरवलेला असेल तर सगळं पुरं लिहून देतो. तुमच्या वेळी पाहिलं नाही का?"

"त्या दिवशी कागद कोण बघतं!" ती म्हणाली. "आणि आम्हाला नक्षीबिक्षी नको. साधा चालेल."

"हरवलेल्याला नक्षी नसतेच."

जाताना जिन्यावर म्हाताऱ्याने हात पुढे केला. म्हातारीने तो धरला नाही, बाही धरली. उतरताना ती प्रत्येक पायरी मोठ्याने मोजत होती, त्याच्यासाठी. वीस झाल्या तेव्हा तो थांबला, आणि तीही थांबली.

लेखनिक वरून बघत उभा राहिला.

सकाळी उजेड आल्याबरोबर तो कामाला बसला. हरवलेल्याच्या जागी लिहायच्या कागदात एक ओळ असते: ह्यांचं लग्न पूर्वी झालं आहे आणि आधीचा करारनामा हरवला आहे. त्या ओळीपाशी येऊन त्याचा टाक थांबला. कालचे ते दोन ऋतू आणि जिन्यावर न धरलेला हात त्याला आठवला. खोट्या कागदाला आपली शाई लावायची नाही, असं बायको म्हणायची. खोटा कागद मागायला आलेल्या एका श्रीमंताला तिने ह्याच जिन्यावरून परत पाठवलं होतं. पण त्याच्या ह्याच बायकोने शेजारच्यांच्या आजारात महिनाभर त्यांची चूल सांभाळली होती.

तो बराच वेळ तसाच बसला. मग उठला, शेजारच्या मुलाच्या हाती एक निरोप धाडला आणि आठ महिन्यांनी तो खण ओढला. खण अडकला होता, दोनदा हिसडा द्यावा लागला. आत डाळिंबाच्या वेलीचा नमुना होता. त्याखाली बायकोची एक छोटी डबी. दोन्ही बाहेर काढून त्याने कोरा कागद घेतला. नक्षी त्याला येत नव्हती. पहिलं डाळिंब कांद्यासारखं झालं. दुसरं बरं आलं. दुपारी जेवायला तो उठला नाही.

चारला पाच मिनिटं कमी असताना दोघं आली. म्हातारीने आज नवी ओढणी घेतली होती.

"हे काय? नक्षी नको म्हटलं होतं."

"नक्षी माझ्या बायकोची आहे. हात तेवढा माझा, म्हणून ते एक कांद्यासारखं झालंय."

म्हाताऱ्याने खिशातून घड्याळजीचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि कागदावरून सावकाश फिरवलं. शेवटच्या ओळींजवळ भिंग थांबलं.

"ह्याचा पाय राहिलाय," तो हळूच म्हणाला.

म्हातारीच्या हातातली पिशवी खाली पडली. ती खुर्चीवर बसली.  खालच्या मजल्यावरचा बुकबाईंडर दुकानाचं दार ओढून घेत असल्याचा आवाज आला. मग जिन्यावर दोघातिघांची पावलं वाजू लागली.

लेखनिकाने एप्रन काढून खुंटीला लावला, कोट चढवला, आणि ती डबी म्हाताऱ्यापुढे सरकवली.

"राहिला नाही, ठेवलाय. धर्मगुरू साक्षीदारांना घेऊन वर येतायत. अंगठीचं सुचलं नसेल तुम्हाला, तर ही घ्या. ही आता तुमची."