गुणी वर्ग

“तुम्ही येईपर्यंत महिनाभर मीच सांभाळलाय हा वर्ग. आता चूं करायची कुणाची टाप नाही,” बालवर्गाच्या मोठ्या बाई मला म्हणाल्या आणि रुबाबात ऑफिसकडे गेल्या.

खरंच, तीन-साडेतीन वर्षांची अठरा पोरं हाताची घडी घालून बसली होती. मी माकडउड्या मारल्या, कुणी हसलं नाही. बोक्याचा आवाज काढला, कुणी मान वळवली नाही. माझा बोका आजवर असा कधीच वाया गेला नव्हता! म्हटलं, खेळणी काढू, मग बघते कशी गप्प बसतात. कोपऱ्यातल्या कपाटाची कडी काढली मात्र, अख्खा वर्ग मागच्या भिंतीला जाऊन चिकटला.

कपाटात खेळणं एकही नव्हतं. खालच्या रिकाम्या कप्प्यात एक इवलीशी चप्पल तेवढी पडली होती.

एक गोबरी पोर हुंदका गिळत पुढे आली. “बाई, आज आत बसायची कोणाची पाळी?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मोठ्या बाईंची,” मी म्हटलं, आणि त्यांना आणायला निघाले.