हरेल त्याने चहा करायचा

स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन शशिकलाबाई टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसल्या. त्यांच्या लाडक्या प्रश्नमंजूषेचा आज शेवटचा भाग होता. निवेदक म्हणाला, "निरोप घेताना काही जुने प्रश्न पुन्हा विचारतो."

या घरातही ही स्पर्धा वर्षानुवर्षं रंगायची. जो आधी वाटी वाजवेल त्याने उत्तर द्यायचं, हरेल त्याने चहा करायचा. दिनकरराव रोज हरायचे. ते गेल्यापासून शशिकलाबाई एकट्याच वाटी वाजवत आणि एकट्याच जिंकत. संध्याकाळचा चहा मात्र बंद झाला होता. जिंकणाऱ्याने उठायचं नाही, हा नियमच होता.

"कृष्णा आणि कोयनेचा संगम कुठे होतो?"

वाटीवर आपटता आपटता चमचा थांबला. पूर्वी हाच प्रश्न आला तेव्हाही त्याच जिंकल्या होत्या. "अहो, कराडचे ना तुम्ही? त्याच घाटावर पोहायला शिकलात आणि आठवलं नाही?" त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

"नाही आठवलं बघ," दिनकरराव उठत म्हणाले होते. "तू बस. गुडघे शेकत बस निवांत."

पडद्यावरचे सेकंद सरत गेले. वाटी वाजलीच नाही.

"वेळ संपली!" निवेदक म्हणाला.

शशिकलाबाई खुर्चीचे हात धरून कशाबशा उठल्या. वाटी आणि चमचा त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

"आज तुम्ही जिंकलात हो," म्हणत त्या चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.